गुंत्याचा नकाशा : जनुकसंचाच्या त्रिमित दर्शनाची प्रस्तावना

सजीवाच्या पेशीतील समग्र आनुवंशिक मजकुराला जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात, आणि हा मजकूर ए, टी, जी, सी या अक्षरांनी दाखवल्या जाणाऱ्या चार रासायनिक घटकांच्या क्रमाने लिहिलेला असल्यामुळे पाठ्यपुस्तकांत त्याची ओळख बहुधा एका लांबच लांब ओळीच्या रूपात करून दिली जाते. ओळ वाचता येते, मोजता येते, छापता येते. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये त्यातील राहिलेल्या बहुतेक रिकाम्या जागा भरल्या गेल्या, तेव्हा पुरी झाली ती ही ओळच. पेशीत मात्र ती कोठेही ओळीसारखी पसरलेली नसते. केंद्रक नावाच्या सूक्ष्म गोलकात ती घड्या आणि वेटोळी घालून बसवलेली असते, आणि एखादे जनुक केव्हा कामाला लागेल हे जसे अक्षरांच्या क्रमावर ठरते तसेच ते घडीच्या कोणत्या बाजूला व कोणाच्या शेजारी पडले आहे यावरही ठरते. या घडीची तीन मितींतील आकृती संगणकाच्या पडद्यावर उभी करणे, आणि ती अशी उभी करणे की जीवशास्त्रज्ञाला ती फिरवता, कापता, जवळ आणता यावी व तिला उलटतपासणीचे प्रश्न विचारता यावेत, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. अशा दर्शनाला येथे ‘संवादी’ हे विशेषण वापरले आहे. पाहणाऱ्याने काही केले की चित्राने त्याला उत्तर द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला या विषयाच्या दाराशी पोहोचण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहराच्या पुणे रस्त्याकडील अंगाला वसलेले केडगाव, त्याच्या जवळच्या नेप्ती उपबाजारात लिलावासाठी उतरणारा कांदा, आणि शहरात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयासारख्या संस्थांतील वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळा, या तिन्ही ठिकाणांना बांधणारा एक जुना धागा आहे; कारण विज्ञान शाखेच्या बहुतेक विद्यार्थ्यांना गुणसूत्रे प्रथम दिसतात ती कांद्याच्या मुळाच्या टोकात. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा असा बसवतात की त्याची तळाची चकती तेवढी पाण्याला टेकेल; दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे सुटतात; पेशींचे विभाजन जोरात चालू असताना मुळांची टोके कापून ती अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवली जातात; मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ऊब देऊन ती मऊ केली जातात, ॲसिटोकार्मिनच्या लाल थेंबात रंगवली जातात, आणि शेवटी काचपट्टीवरील आच्छादक काचेवर टिपकागद धरून अंगठ्याने सरळ, न घसरता दाब दिला जातो. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात, जास्त झाला तर काच तडकते. नेमका जमला तर भिंगाखाली लाल रंगाच्या सोळा काड्या सुट्या सुट्या मोजता येतात.

सोळा हा आकडा हाती येतो तो त्या दाबामुळे, आणि त्याची किंमतही त्याच दाबाने वसूल केलेली असते. गोल केंद्रकाची चपटी भाकरी झाल्यावर कोणते गुणसूत्र आत होते, कोणते कडेला होते, कोणाचे टोक कोणाला भिडले होते, ही सारी माहिती पुसली जाते. काचपट्टीवर जे दिसते ते खरोखर दिसते, पण जागेवर नसते. पुढे ज्या संगणकीय आकृत्यांचा विचार करावयाचा आहे त्यांची गत नेमकी उलटी आहे, कारण त्यांत प्रत्येक भाग आपल्या जागी मांडलेला असतो, परंतु ती जागा कोणी प्रत्यक्ष पाहिलेली नसते. या विषयातील बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्याने होतात, आणि संवादी दर्शनाची गरजही याच फरकातून निर्माण होते.

गुंता किती मोठा आहे याचा अंदाजही कांद्यावरूनच घेणे सोयीचे आहे. कांद्याच्या जनुकसंचात सुमारे १६ अब्ज अक्षरे आहेत, म्हणजे माणसाच्या ३.१ अब्ज अक्षरांच्या पाचपट. गुंतागुंतीचा प्राणी म्हणजे मोठा जनुकसंच हे समीकरण कांद्यापुढे टिकत नाही, आणि म्हणूनच अनावश्यक डीएनएविषयीच्या वादात टी. रायन ग्रेगरी या कॅनडातील जीवशास्त्रज्ञाने सुचवलेल्या एका कसोटीला ‘कांदा-कसोटी’ हेच नाव पडले आहे. लागोपाठच्या दोन अक्षरांमधील अंतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या साधारण एक-तृतीयांश, धरले आणि प्रत्येक पेशीत जनुकसंचाच्या दोन प्रती असतात हे लक्षात घेतले, तर कांद्याच्या एका केंद्रकातील डीएनए सरळ ताणल्यास जवळजवळ ११ मीटर भरतो. माणसाच्या बाबतीत हीच लांबी दोन मीटरच्या थोडी वर जाते. नेप्तीच्या आवारात पडलेल्या एका गोणीतील एका कांद्याच्या एका पापुद्र्यात अशी किती केंद्रके असतील याचा हिशेब वाचकाने हवा तर करावा.

एवढा लांब धागा गुंता न होता कसा बसतो, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. कार्ल राबल याने १८८५ मध्ये सॅलमँडरच्या पेशी पाहून असे मांडले की विभाजन संपल्यावरही गुणसूत्रे आपली दिशा सोडत नाहीत, त्यांचे मध्यबिंदू, म्हणजे दोन भुजा जेथे जुळतात ते सेंट्रोमियर, केंद्रकाच्या एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला राहतात. थिओडोर बोव्हेरी याने १९०९ मध्ये प्रत्येक गुणसूत्र केंद्रकातील स्वतःचा असा एक मुलूख राखून असते ही कल्पना पुढे नेली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या काळात ही कल्पना मागे पडली, कारण त्या यंत्रातून केंद्रकात एकजीव झालेले तंतू तेवढे दिसत. तिला पुन्हा उभे केले ते थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या जर्मन बंधूंनी, केंद्रकाच्या एका टिंबाएवढ्या भागावर लेसर टाकून आणि त्याने किती गुणसूत्रांना इजा झाली ते मोजून. सर्वच गुणसूत्रे केंद्रकभर पसरलेली असती तर इजा अनेकांना व्हायला हवी होती. झाली ती मोजक्यांनाच. कांद्याच्या मुळातील केंद्रकांत राबलची रचना टिकून असते हे दाखवणारे काम १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते या प्रस्तावनेच्या शेवटी पुन्हा उपयोगी पडेल.

घडीचे थर आता बरेच ओळखीचे झाले आहेत. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गोळीभोवती १४७ अक्षर-जोड्यांचा डीएनए पावणेदोन वेढे घेतो आणि न्यूक्लिओसोम तयार होतो. रॉजर कॉर्नबर्ग याने १९७४ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये टिमथी रिचमंड यांच्या गटाने त्याची अणूगणिक रचना उलगडली. न्यूक्लिओसोमांची ही माळ, म्हणजे क्रोमॅटिन, पुढे फासे घालते. फाशांचे पुंजके होतात, ज्यांच्या आतील भाग आपसांत जास्त आणि शेजारच्या पुंजक्याशी कमी भेटतात आणि ज्यांना टॅड या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. कामात असलेले पुंजके एका गोटात आणि निद्रिस्त पुंजके दुसऱ्या गोटात जमतात. आणि या सर्वांवर गुणसूत्राचा मुलूख असतो. फासा कसा पडतो याविषयी सध्या सर्वाधिक मान्यता असलेले स्पष्टीकरण असे की कोहेसिन नावाचे कडे धाग्यावर बसते आणि दोन्ही बाजूंनी धागा आत ओढत जाते, आणि सीटीसीएफ हे प्रथिन विशिष्ट दिशेने बसलेले असेल तेथे ते थांबते. विहिरीवरच्या रहाटाला दोर ओढताना गाठ अडकावी, तसा हा प्रकार. मराठीत क्रोमोसोमला ‘गुणसूत्र’ म्हणणाऱ्यांनी रंगाची मूळ कल्पना सोडून सुताची धरली, आणि आज त्या विज्ञानाचे सारे लक्ष सुताच्या वळणांकडे गेले आहे, ही गोष्ट परिभाषाकारांच्या बाजूने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

वळणाला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. हाताला पाचच बोटे यावीत याची व्यवस्था ज्या जनुकावर अवलंबून असते त्या सोनिक हेजहॉग या जनुकाला गर्भाच्या अवयवांत चालू करणारा डीएनएचा तुकडा जनुकाला लागून नाही. तो सुमारे दहा लाख अक्षरे दूर, एका वेगळ्याच जनुकाच्या आत आहे. त्या तुकड्यातील एक अक्षर बदलले तरी बाळाला जास्तीचे बोट येऊ शकते. ओळीत पाहिले तर एवढ्या दूरचा बदल बोटांशी का संबंधित असावा हे कळत नाही; घडीत पाहिले तर दोघे शेजारी आलेले असतात. २०१५ मध्ये बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटाने याच्याही पुढचे दाखवले: दोन पुंजक्यांमधील सीमा नाहीशी झाली की एका पुंजक्यातील चालक तुकडा शेजारच्या पुंजक्यातील जनुकाला नको तेव्हा चालू करतो, आणि हातापायांची घडण बिघडते, जरी कोणत्याही जनुकाच्या स्वतःच्या मजकुरात एकही चूक नसली तरी.

महाराष्ट्रात या प्रश्नावरचे काम संगणकाच्या वाटेने नव्हे, प्रथिनांच्या वाटेने सुरू झाले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने रोगप्रतिकारक पेशींमध्ये क्रोमॅटिनचे फासे बांधून ठेवणाऱ्या एसएटीबी१ या प्रथिनाचा पाठपुरावा केला, आणि २००७ मध्ये नेचर सेल बायॉलॉजी या नियतकालिकात हे प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाशी हातमिळवणी करून एमएचसी या जनुकसमूहाच्या फाशांची मांडणी कशी ठरवते ते दाखवले. एमएचसी म्हणजे पेशीने आपली ओळख प्रतिकारयंत्रणेला पटवण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा समूह. गलांडे यांना २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि त्यांचे काम पुढे पुण्याच्याच आयसर संस्थेत चालू राहिले. मुंबईच्या आयआयटीत रणजित पडिन्हातीरी यांचा गट क्रोमॅटिनकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने, म्हणजे लांब साखळीच्या रेणूची हालचाल म्हणून, पाहतो. पेशी आणि समीकरण यांच्यामध्ये जी जागा उरते तेथे पडद्यावरील आकृतीचे काम सुरू होते.

ती आकृती ज्या आकड्यांवर उभी राहते ते मिळवण्याची रीत २००२ मध्ये योब डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली आणि २००९ मध्ये एरेझ लिबरमन-आयडन, डेकर, एरिक लँडर आदींनी ती संपूर्ण जनुकसंचाला लागू करून तिला हाय-सी हे नाव दिले. पेशींवर फॉर्मल्डिहाइड टाकले की जे भाग त्या क्षणी एकमेकांना चिकटून आहेत ते तसेच जखडले जातात. मग डीएनए कापणाऱ्या विकराने धाग्याचे तुकडे केले जातात, तुकड्यांच्या कापलेल्या टोकांना बायोटिनची खूण लावली जाते, आणि जखडलेली टोके एकमेकांना जोडली जातात. जोड असलेले तुकडे तेवढे खुणेच्या आधाराने वेचून त्यांची दोन्ही अंगे वाचली जातात. वाचलेली प्रत्येक जोडी एवढेच सांगते की जनुकसंचातील अमुक जागा आणि तमुक जागा एका पेशीत एका क्षणी भेटल्या होत्या. अशा कोट्यवधी भेटी मोजून त्यांचा एक चौकोनी तक्ता करतात, ज्यात आडवी आणि उभी दोन्हीकडे तीच गुणसूत्रे क्रमाने मांडलेली असतात आणि प्रत्येक घरात भेटींची संख्या असते.

हा तक्ता म्हणजे अंतरांचा तक्ता नव्हे, हे येथे ठासून सांगणे आवश्यक आहे. रस्त्यांच्या नकाशामागे गावागावांमधील किलोमीटर देणारा जो तक्ता असतो, त्याच्याशी हाय-सीच्या तक्त्याची तुलना सर्रास केली जाते आणि ती दिशाभूल करते. त्यापेक्षा एसटीच्या तिकिटांचा हिशेब मनात आणावा. केडगाव ते नगर तिकिटे भरमसाट, केडगाव ते श्रीगोंदा कमी, केडगाव ते अकोले अगदी थोडी, आणि एवढ्यावरून एखाद्या परक्या माणसाने जिल्ह्याचा नकाशा काढावा, तसे हे काम आहे. दूरच्या गावाची तिकिटे कमी हा नियम बहुतेक ठिकाणी चालेल. डीएनएतही ओळीतील अंतर वाढत जाते तशा भेटी ठरावीक प्रमाणात घटत जातात. परंतु नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनासाठी लोक केडगावला दुरून येतात आणि त्या नऊ दिवसांत दूरच्या गावांची तिकिटे अचानक फुगतात. नकाशा काढणारा परका माणूस तेव्हा दोनपैकी एक करील: ती गावे केडगावाजवळ सरकवील, किंवा येथे काहीतरी ओढून आणणारे आहे असा तर्क करील. फासे शोधणारा जीवशास्त्रज्ञ दुसऱ्या जातीचा असतो. अपेक्षेपेक्षा जास्त भेटी कोठे होतात हेच तो तक्त्यात शोधतो, आणि २०१४ मध्ये हजार अक्षरांपर्यंत बारीक झालेल्या मानवी तक्त्यात असे सुमारे १०,००० फासे सापडले.

तिकिटांच्या उपमेत आणखी एक अडचण आहे आणि ती या गावाच्या नावातच आहे. केडगाव दोन आहेत. एक हे नगरचे आणि दुसरे पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमुळे देशभर माहीत झालेले. तिकिटावर नुसते ‘केडगाव’ छापले असेल तर प्रवासी कोणत्या केडगावला उतरला ते सांगता येत नाही. पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून, आणि त्यांचा मजकूर इतका सारखा असतो की वाचलेली जोडी कोणत्या प्रतीची हे बहुतेक वेळा कळत नाही. दोन्ही प्रतींच्या भेटी एकाच घरात जमा होतात, आणि त्यावरून काढलेली आकृती दोघांची सरासरी होऊन बसते. ही अडचण टाळण्यासाठी केंब्रिजच्या गटाने २०१७ मध्ये जनुकसंचाची एकच प्रत असलेल्या उंदराच्या पेशी घेतल्या आणि एकेका पेशीची स्वतंत्र आकृती मांडली. त्याच्या पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये, दोन प्रतींमधील तुरळक अक्षरभेदांचा आधार घेऊन, दोन प्रती असलेल्या मानवी पेशींचीही आकृती एकेकीने काढता आली. कांद्यासारख्या जनुकसंचात पुनरावृत्त मजकूर इतका आहे की तेथे एका नावाची दोन गावे नव्हे, हजारो गावे असतात.

भेटींच्या संख्येवरून आकृती काढताना प्रथम संख्येचे अंतरात रूपांतर करावे लागते, आणि त्यासाठी भेटी जितक्या जास्त तितके अंतर कमी असा एक घातांकाचा नियम गृहीत धरला जातो. घातांक कोणता धरायचा हे संशोधक ठरवतो आणि तो बदलला की आकृती फुगते किंवा आवळते. त्यानंतर धागा मण्यांच्या माळेसारखा कल्पून, प्रत्येक मणी काही हजार किंवा काही लाख अक्षरांचा प्रतिनिधी मानून, सर्व मण्यांच्या जागा अशा शोधल्या जातात की गृहीत अंतरांशी त्यांचा मेळ जास्तीत जास्त बसेल. येथे गणिताची एक मर्यादा आडवी येते. सर्व अंतरे अचूक माहीत असली तरी आकृती आणि तिचे आरशातील प्रतिबिंब यांत निवड करता येत नाही, कारण दोघांतील अंतरे सारखीच असतात; तेव्हा पडद्यावर उजवीकडे वळलेला वेटोळा प्रत्यक्षात डावीकडे वळलेला असू शकतो, आणि वळणाच्या बाजूवर आधारलेला कोणताही निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. शिवाय नेहमीच्या हाय-सीत लाखो पेशींच्या भेटी एकत्र मोजलेल्या असतात. शंभर कुटुंबांची सरासरी काढली तर साडेतीन मुले असलेले घर निघते, तसे या आकृतीचे केंद्रक कदाचित कोणत्याच पेशीत नसते. म्हणून प्रामाणिक साधने एकच आकृती न देता शेकडो आकृत्यांचा समूह देतात, आणि कोणता भाग सर्वांत सारखा येतो व कोणता प्रत्येकीत भटकतो हे पाहणाऱ्यापुढे ठेवतात.

आता दर्शनाकडे. माणसाचा जनुकसंच दहा लाख अक्षरांच्या घरांत पाडला तर तक्त्यात सुमारे ३,१०० ओळी आणि ९६ लाख घरे होतात; तोच दहा हजार अक्षरांच्या घरांत पाडला तर ओळी ३.१ लाख आणि घरे ९,६१० कोटी होतात. साध्या पडद्यावर जेमतेम वीस लाख ठिपके असतात. त्यामुळे तक्ता एकदम दाखवणे अशक्य असते आणि मोबाइलवरील रस्त्यांच्या नकाशाप्रमाणे तो अनेक पातळ्यांवर आधीच तुकडे करून ठेवावा लागतो, म्हणजे पाहणारा जेथे बोट ठेवील तेवढाच तुकडा हव्या त्या बारकाईने समोर येतो. ज्यूसबॉक्स आणि हायग्लास ही या कामाची प्रसिद्ध साधने आहेत, आणि ती दोन मितींचीच आहेत. तीन मितींच्या साधनांत २०१० चे जीनोम३डी हे सुरुवातीचे एक. पुढे ब्राउझरमध्येच त्रिमित चित्र रेखाटण्याची सोय झाल्यावर अशी साधने बरीच झाली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले सीसिंथ त्यांत लक्षणीय आहे, कारण त्यात घातांकासारखी गृहीतके पट्टी सरकवून बदलता येतात आणि माळ डोळ्यांदेखत नव्याने स्थिरावते.

संवादाची खरी गरज येथे आहे. स्थिर चित्रात मागचा मणी पुढच्याच्या आड जातो आणि खोली कळत नाही. आकृती थोडी जरी फिरवली तरी जवळचे मणी जास्त आणि दूरचे कमी सरकतात, आणि डोळा क्षणात खोली ओळखतो. हा फायदा मोठा, पण तो डोळ्याला फसवणाराही आहे, कारण फिरणारी वस्तू खरी वाटू लागते. मण्यांवरून गुळगुळीत नळी ओढण्याची पद्धत तर विशेष सावधगिरीने वापरावी लागते. दोन मण्यांमधील नळीचे वळण मोजमापातून आलेले नसून रेखाटणाऱ्या सूत्रातून आलेले असते, आणि तरीही सभागृहातील सादरीकरणात नेमक्या त्याच वळणावर निर्देशक फिरताना दिसतो. या फसवणुकीवर उतारा म्हणजे जोडलेली दृश्ये: त्रिमित आकृतीत एखादा मणी निवडला की बाजूच्या तक्त्यात त्याची ओळ उजळते, खालच्या पट्टीत त्या जागेची जनुके दिसतात, आणि दोन मणी चिकटलेले दिसत असतील तर त्यामागे भेटी किती मोजल्या होत्या, दोनशे की दोन, हे तेथल्या तेथे तपासता येते. ज्या साधनात आकृतीवरून आकड्याकडे परत जाण्याची वाट नाही ते कितीही देखणे असले तरी प्रयोगशाळेपेक्षा मुखपृष्ठाच्या कामाचे. रंगांची निवडही किरकोळ बाब नव्हे. तांबडा आणि हिरवा वेगळा न दिसणाऱ्या पुरुषांची संख्या दुर्लक्ष करण्याइतकी थोडी नाही, आणि चालू-बंद जनुकांसाठी हेच दोन रंग वापरण्याची खोड अजून गेलेली नाही.

पिकांच्या अभ्यासकाची या साधनांशी गाठ पडते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. जनुकसंच वाचताना तो अखंड वाचला जात नाही. तुकडे हाती येतात आणि ते जुळवावे लागतात. एका गुणसूत्रावरचे आणि जवळचे तुकडे एकमेकांना जास्त भेटतात, या साध्या नियमाने हाय-सीचा तक्ता तुकड्यांचा क्रम लावून देतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा जनुकसंच २०१७ मध्ये, आणि कांद्याच्याच कुळातील लसणाचा सुमारे १६ अब्ज अक्षरांचा जनुकसंच २०२० मध्ये, असाच गुणसूत्रांच्या पातळीवर जुळवला गेला. यंत्राने लावलेल्या क्रमात चुका राहतात, आणि त्या माणसाला नजरेने दिसतात: तक्त्याच्या कर्णावर असायला हवा असलेला गडद पट्टा एखाद्या ठिकाणी तुटतो आणि लांब कोठेतरी बांधाच्या पलीकडे पडलेल्या वाफ्यासारखा एक गडद चौकोन दिसतो. अभ्यासक तो तुकडा उचलून, गरज पडल्यास उलटा करून, कर्णावर आणून बसवतो आणि पट्टा सांधतो. हे काम दिवसेंदिवस चालते, आणि ते करणाऱ्या हातांची नोंद शोधनिबंधात एका ओळीपलीकडे क्वचितच येते.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत जवळचा आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ केडगावाहून तासाभराच्या रस्त्यावर आहे, आणि बसवंत-७८० किंवा फुले समर्थ यांसारखे त्याचे कांद्याचे वाण शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. वाणाची निवड आजवर रंग, आकार, टिकाऊपणा आणि उतारा पाहून होत आली; त्या गुणांमागील जनुके जनुकसंचात कोठे आहेत आणि त्यांना दुरून चालू करणारे तुकडे कोणते, हे विचारण्यासाठी ओळही लागते आणि घडीही. गणनेची सोय पुण्यात आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, तेथे १९८८ पासून आहे आणि आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक बसवलेला आहे. तक्ता आणि आकृती एकदा तयार झाल्या की त्या पाहण्यासाठी महासंगणक लागत नाही. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षातील साधा संगणक आणि बरी इंटरनेट जोडणी एवढ्यावर बरेच काही पाहता येते, आणि मुख्य साधने विनामूल्य आहेत.

कांद्याच्या मुळापासून सुरू झालेला धागा येथे पुन्हा हाती येतो. २०१७ मध्ये सातूचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या भेटींच्या तक्त्यात नेहमीच्या कर्णाला छेदणारा दुसरा, उलट दिशेचा फिकट कर्ण दिसला, आणि प्रत्येक गुणसूत्राच्या चौकोनात फुलीसारखी खूण उमटली. त्याचा उलगडा राबलच्या १८८५ च्या मांडणीत होता: सेंट्रोमियर एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला असतील तर गुणसूत्राच्या दोन भुजा केसात खोचायच्या आकड्याच्या दोन तारांसारख्या शेजारी शेजारी राहतात, आणि एका भुजेवरील जागा दुसऱ्या भुजेवरील तेवढ्याच अंतराच्या जागेला भेटते. कांद्याच्या केंद्रकातही सूक्ष्मदर्शकाखाली हीच मांडणी पाहिलेली आहे. अंगठ्याच्या दाबाने सोळा काड्या सुट्या करणारा विद्यार्थी अशा तक्त्यासमोर बसला, त्याने उलट्या कर्णावरील एका घरावर टिचकी दिली, तर शेजारच्या त्रिमित आकृतीत त्याच गुणसूत्राचे दोन मणी उजळतात, एक डाव्या भुजेवर, एक उजव्या, सेंट्रोमियरपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. आणि बोट कर्णावरून हळूहळू सरकवले की ते दोन्ही मणी बरोबरीने टोकांकडे चालू लागतात.